दोन दारं, एक टन!

*दोन दारांची एसयूव्ही स्वस्तात घ्यायची आणि तिला 'पळती' करायची, हे स्वप्न बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. पण गाडी निवडायची कोणती? पैसे आधी कुठे घालायचे? आणि कायदा याला काय म्हणतो?*

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी जिप्सी नाहीतर थार येऊन उभी राहू द्या. शेजारी तिच्या दुप्पट किमतीची चकचकीत सेडान असली, तरी माना वळतात त्या या डब्याकडेच. मग कट्ट्यावर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, "हिला टर्बो बसव." कुणी म्हणतं, "सायलेन्सर फ्री-फ्लो कर, बघ कशी उडते." तिसरा मोबाइलवर मोठ्या टायरचे फोटो दाखवत असतो. टायर आणि सायलेन्सरवर तास जातो, पण ब्रेकचं नाव सहसा कुणीच काढत नाही.

आपल्या लेखाचा मुद्दा नेमका तिथेच आहे. दोन दारांची एसयूव्ही वेगवान करता येते, कमी पैशांतही करता येते. पण त्यासाठी कुठली गाडी घ्यायची आणि तिच्यावर खर्च कुठल्या क्रमानं करायचा, हे आधी ठरायला हवं. क्रम चुकला की हातात उरतो फक्त आवाज.

वेग म्हणजे नक्की काय?

आधी एक गोष्ट मान्य करू. ही गाडी आकारानं वीट आहे. समोरची काच जवळजवळ उभी, छप्पर उंच, कोपरे काटकोनात. हवेला कापत जाणं तिच्या नशिबात नाही. हवेचा अडथळा मोडून काढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला जेवढी ताकद हवेशी झगडण्यात जाते, तिच्या सव्वातीन पटींहून जास्त १२० ला जाते. त्यामुळे 'टॉप स्पीड' वाढवण्याच्या नादी लागलात तर पैसा पाण्यासारखा जाईल आणि काटा जेमतेम दहा-पंधरा पुढे सरकेल.

मग हाती काय येऊ शकतं? तीन गोष्टी. एक, पिकअप, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गाडी किती चटकन वेग घेते. दोन, वळणात ती किती सरळमार्गी राहते. आणि तीन, किती अंतरात थांबते. मातीच्या ट्रॅकवर किंवा घाटासारख्या वळणांवर घड्याळ लावून गाडी चालवली, तर निकाल या तिघांवर लागतो. स्पीडोमीटरवर शेवटचा आकडा कोणता छापलाय, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

या तिन्हींवर एकाच गोष्टीचा थेट परिणाम होतो: वजन. हलकी गाडी लवकर पळते, लवकर वळते, लवकर थांबते. इंजिन न बदलता!

मैदानात कोण कोण आहे?

आपल्याकडे दोन दारांच्या एसयूव्ही (कंपन्या मागचं दार धरून त्यांना 'थ्री-डोअर' म्हणतात) बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या. एकेक बघू.

टाटा सिएरा. १९९१ मध्ये पुण्यातून आलेली, मागे मोठ्ठ्या वळवलेल्या काचा असलेली देखणी गाडी. टाटाच्या पिकअप ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, दोन लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन, सुरुवातीला फक्त ६३ अश्वशक्ती. टर्बो पुढे आला. आज चांगल्या अवस्थेतली सिएरा सापडणं अवघड, काचा आणि आतले भाग मिळणं त्याहून अवघड. ती जपायची गाडी आहे, पळवायची नव्हे. २०२५ मध्ये टाटानं हे नाव परत आणलं, पण दारं वाढवून.

फोर्स गुरखा. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची. चिखल, दगड, नदीचं पात्र यात तिला तोड नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक मिळतं. पण २०२१ च्या गाडीला ९० अश्वशक्ती आणि वजन दोन टनांच्या घरात. २०२४ मध्ये ताकद १४० पर्यंत वाढवली, तशी किंमतही. ही पैलवान आहे, धावपटू नाही.

महिंद्रा थार, जुनी. २०१० ची. सीआरडीई डिझेलची १०५ अश्वशक्ती, खालून मिळणारा जबरदस्त ओढा. गॅरेजवाल्यांची लाडकी. पण गाडी दीड टनाहून जड आणि रस्त्यावर उड्या मारणारी.

महिंद्रा थार, नवी. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली, नाशिकच्या कारखान्यात बनते. दोन लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागची चाकं फिरवणारी, दीड लिटर डिझेलची स्वस्त थार आली, तेव्हा सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती ९ लाख ९९ हजार. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नव्या थारला चार तारे मिळाले. या यादीतली ही सगळ्यात सुरक्षित आणि तयार वेगवान गाडी. पण विद्यार्थ्याच्या खिशाला 'परवडणारी' म्हणायची, तर तो खिसा बाबांचा असावा लागतो.

सुझुकी जिमनी. इंटरनेटवर जिचे फोटो बघून आपण हळहळतो ती दोन दारांची जिमनी २०२१ पासून गुरुग्रामला बनते आणि जहाजात बसून परदेशी जाते. भारतात विकायला आली ती २०२३ ची पाच दारांची. म्हणजे ती यादीतून बाद.

मारुती जिप्सी. १९८५ च्या अखेरीस आली, आणि सामान्य ग्राहकासाठी बंद झाली थेट २०१८-१९ मध्ये. तीसहून जास्त वर्षं! पोलीस, लष्कर, वनखातं, डोंगरातले लोक, रॅलीवाले, सगळ्यांनी वापरली. सुरुवातीला ९७० सीसीचं ४५ अश्वशक्तीचं इंजिन. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' म्हणून १२९८ सीसी, ६० अश्वशक्ती. २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, ८० अश्वशक्ती. वजन? एक टनाच्याही थोडं आत, साधारण ९८५ किलो.

टनामागे किती घोडे?

आता कॅल्क्युलेटर काढा. गाडीची अश्वशक्ती भागिले तिचं टनातलं वजन, एवढा साधा हिशेब.

सिएरा डिझेल: टनामागे चाळीसच्या आसपास. जुनी थार सीआरडीई: साठ-पासष्टच्या घरात. गुरखा २०२४: सत्तरच्या आसपास. नवी थार टर्बो पेट्रोल, पावणेदोन टन धरली तर: सुमारे ८६. आणि ८० अश्वशक्तीची जिप्सी: ८१!

हा आकडा परत वाचा. टर्बो नाही, महागडी इलेक्ट्रॉनिक्स नाही, डिझाइन ऐंशीच्या दशकातलं, आणि तरी टनामागच्या ताकदीत ती १५० अश्वशक्तीच्या थारच्या शेजारी जाऊन बसते. अर्थात, टर्बो इंजिनाचा खालचा ओढा तिच्याकडे नाही. हायवेवर थार तिला सहज मागे टाकेल. पण ज्या ट्रॅकवर शंभराच्या आतच खेळ चालतो, तिथे जिप्सी कुणालाही घाम फोडते. कारण ब्रेक मारताना आणि वळताना तिला सातशे-आठशे किलो कमी सांभाळायचे असतात.

भारतातल्या रॅलीवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. १९९९ मध्ये सुरू झालेली रेड दे हिमालय असो की २००३ पासूनची राजस्थानच्या वाळूतली डेझर्ट स्टॉर्म, ताडपत्रीचं छत काढून, आत नळ्यांचा पिंजरा बसवून निघालेल्या जिप्सींची रांग हे या स्पर्धांचं नेहमीचं चित्र. चॅसी शिडीसारखी मजबूत, चारही कोपऱ्यांना पाटे, आणि इंजिन एस्टीमच्या कुटुंबातलं. रात्री दोन वाजता डोंगरात गाडी मोडली, तरी पाना आणि हातोडा घेऊन ती उभी करता येते. स्पर्धेत पहिला येण्यासाठी आधी शेवटपर्यंत पोचावं लागतं ना!

तर आपला कौल: बजेट मोठं असेल, घरच्यांना रोज वापरायची असेल, तर नवी थार, आणि तिच्यात काहीही न बदलता. कमी पैशांत, हातानं शिकत, वेगासाठी गाडी घडवायची असेल तर २००० नंतरची एमपीएफआय जिप्सी.

घेताना डोळे उघडे ठेवा

जुनी जिप्सी घेणं हे जुनं घर घेण्यासारखं आहे. रंग बघू नका, पाया बघा.

पहिलं काम, गाडीखाली झोपा. चॅसीवर, विशेषतः मागच्या चाकांच्या वर आणि पाट्यांच्या टोकांपाशी, गंज आहे का बघा. आतलं मॅट उचलून पत्रा दाबून पाहा. कोकणातली, समुद्राकाठची गाडी असेल तर दोनदा बघा. चॅसीला जागोजागी वेल्डिंगचे टाके दिसले, तर नमस्कार करून निघा. इंजिन बदलता येतं, पोखरलेली चॅसी नाही.

दुसरं, आरसी नीट वाचा. त्यावर सीसी किती लिहिलंय? ९७० लिहिलंय आणि बॉनेटखाली १२९८ चं इंजिन आहे, असं असेल तर कुणीतरी परस्पर इंजिन बदललंय. इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक गाडीवर जाऊन स्वतः ताडून बघा. लष्कराच्या लिलावातली गाडी म्हणून स्वस्तात मिळत असेल, तर लिलावाची मूळ कागदपत्रं आणि नंतरची आरटीओ नोंदणी दोन्ही हवीत. "पेपर नंतर करून देतो" हे वाक्य ऐकलं की तिथून काढता पाय घ्यायचा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा शेरा उतरवल्याची नोंद, आणि गाडीवर थकलेले ई-चलान किती, हेही तपासा. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की तपासणी होऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ते झालंय की तुमच्या डोक्यावर येणार, हे व्यवहाराआधी विचारा.

तिसरं, चालवून पाहा. साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागलं, तर पुढच्या ॲक्सलच्या बेअरिंगचं काम निघणार. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर इंजिन ऑइल जाळतंय. फोर बाय फोरचा दांडा मातीत नेऊन टाकून बघा, डांबरी रस्त्यावर नको. आणि शक्यतो सोबत एखादा जिप्सीचं काम केलेला मेस्त्री न्या. त्याला दिलेले पैसे ही तुमची सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन ठरेल.

शंभर रुपयांचा हिशेब

समजा तुमच्याकडे एकूण शंभर रुपये आहेत. गाडीवर पन्नासच घाला. सगळे पैसे गाडी घेण्यात संपवणारा पोरगा पुढचं वर्षभर टायर उधारीवर शोधत फिरतो. उरलेल्या पन्नासात क्रम असा.

वीस रुपये: जी आहे ती नीट करा. क्लच प्लेट, रबरी बुश, इंजिन माउंटिंग, रेडिएटर, स्पार्क प्लग, वायरिंग. यात फोटो काढण्यासारखं काही नाही. पण जुन्या इंजिनाचे हरवलेले घोडे इथेच परत मिळतात. कंपनीनं दिलेले ८० आधी पूर्ण मिळू द्या, वरचे नंतर मागा.

पंधरा रुपये: ब्रेक आणि टायर. शाळेतलं सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६० ऐवजी ८० नं जाताना ब्रेकना ७८ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. जिप्सीला एबीएस नाही, एअरबॅग नाही, मागे ड्रम ब्रेक आहेत. म्हणून नवे पॅड, नवे होज, ताजं ब्रेक ऑइल हे पहिलं. टायर चांगल्या पकडीचे, पण मूळ मापाच्या जवळपासचे. व्यास दहा टक्क्यांनी वाढवलात तर प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, पिकअप मरतो, आणि काटा ८० दाखवताना गाडी खरं तर ८८ नं पळत असते. म्हणजे पैसे देऊन गाडी मंद केली आणि वर चलानही घेतलं.

दहा रुपये: सस्पेन्शन. चांगले शॉक ॲब्सॉर्बर आणि ताकद गेलेल्या पाट्यांची दुरुस्ती. इथे गाडी 'सापडते'. खड्ड्यातून गेल्यावर ती तीनदा न डोलता एकदाच बसली, की चालवणारा आपोआप वेगवान होतो.

पाच रुपये: सीट आणि पट्टे. चालक सीटमध्ये घसरत असेल तर तो स्टिअरिंगला लोंबकळतो, त्याला वळवत नाही.

आणि इंजिन? त्याचा नंबर शंभर रुपये संपल्यावर! रॅलीसाठीच बांधलेल्या जिप्सींमध्ये जुन्या बलेनो सेडानचं १.६ लिटरचं, ९४ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन बसवतात. एकाच घराण्यातलं असल्यानं ते त्या जागेत सामावतं. पण ते स्पर्धेच्या गाडीचं काम आहे. रस्त्यावरच्या गाडीत ते का करू नये, ते पुढे येतंच.

वजन कमी करणं मात्र फुकट आहे. छतावरचा रॅक, जाडजूड लोखंडी बंपर, चार जादा दिवे, मागे टांगलेला जेरी कॅन... हे सगळं उतरवलं तर तीस-चाळीस किलो सहज जातात. बहुतेक जण याच्या बरोबर उलटं करतात!

उंच करायचा मोह

आता सगळ्यात लाडका उद्योग: गाडी तीन-चार इंच उचलणं. फोटोत भारी दिसते, दगडांवरून जायला उपयोगी पडते. वेगासाठी मात्र हे विषच.

गाडी वळणात उलटणार की नाही, हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतर कमी, उंची जास्त, की गाडी घसरायच्या आधी कलंडते. मूळ जिप्सी इतकी अरुंद होती की १९९३ मध्ये मारुतीनं चाकांमधलं अंतर वाढवून 'वाइड ट्रॅक' आणली.

जिप्सीची एक धाकटी, आखूड बहीण अमेरिकेत 'सुझुकी समुराई' नावानं विकली जायची. १९८८ मध्ये तिथल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकानं चाचणी घेतली आणि अचानक वळवल्यावर ती उलटू शकते म्हणून तिला 'अस्वीकार्य' ठरवलं. सुझुकीनं मासिकावर खटला भरला, तो कित्येक वर्षं चालला आणि २००४ मध्ये तडजोडीनं मिटला. चाचणी बरोबर होती की चूक, यावर गाडीप्रेमी अजून भांडतात. आपल्यापुरता धडा साधा आहे: कंपनीनं दिलेल्या उंचीवरही ज्या घराण्याबद्दल एवढा वाद झाला, तिला आणखी उचलून घाटात पळवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. वेग हवा असेल तर गाडी मूळ उंचीवरच ठेवा.

आणखी एक. मागच्या बाजूला समोरासमोरची बाकं असतील, तर तिथे बसणाऱ्यांना बहुतेकदा पट्टा नसतो. चालवणाऱ्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं. मागे बसलेल्या मित्राच्या हातात काय असतं? मागे माणसं असताना वेगाचा विषयच काढायचा नाही, हा नियम गाडी घेतानाच करून टाका. 'रोल केज' बसवून प्रश्न सुटेल असंही नाही. हेल्मेट आणि स्पर्धेचे पट्टे नसतील तर डोक्याजवळची तीच लोखंडी नळी अपघातात जीव घेऊ शकते.

कायदा काय म्हणतो?

इथे बरेच जण कान बंद करतात, म्हणून थोडक्यात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रात असलेला तपशील उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड.

दंडाहून मोठा फटका विम्याचा. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललं आणि अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. समोरच्याला इजा झाली असेल, तर भरपाईचा आकडा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो, आणि तो भरायची वेळ घरावर येते. गाडी बहुतेक वेळा वडिलांच्या नाहीतर आईच्या नावावर असते, हेही विसरू नका. नोटीस त्यांच्या नावानं येते.

आता वरची यादी पुन्हा बघा. मूळ मापाचे चांगले टायर, ताजे ब्रेक, नवे शॉक ॲब्सॉर्बर, दुरुस्त इंजिन, उतरवलेलं वजन. यातलं काहीही आरसीवरचा तपशील बदलत नाही. म्हणजे गाडी खऱ्या अर्थानं वेगवान करणारे बहुतेक उपाय कायद्यातच बसतात. अडचण येते ती मोठे टायर, उचललेली बॉडी, बदललेलं इंजिन आणि बोंबलणारा सायलेन्सर यांची, आणि त्यातले तीन तर वेगाच्या उपयोगाचेही नाहीत.

मग पळवायची कुठे?

रस्त्यावर नाही, हे एव्हाना कळलं असेल. पण मग कुठे? पर्याय वाटतात त्याहून जास्त आहेत.

देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' करतं. या संघटनेच्या मान्यतेनं ठिकठिकाणचे क्लब स्पर्धा भरवतात. नवख्यासाठी सगळ्यात सोपी म्हणजे टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. उघड्या रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेत, ठरवून दिलेला सरासरी वेग सेकंदाच्या हिशेबानं राखायचा. यात जोरात जाणाऱ्याचेही गुण कापले जातात! एक चालक, एक दिशादर्शक. मूळ अवस्थेतली गाडी चालते. गणिताची आवड असलेला मित्र शेजारी हवा.

पुढची पायरी ऑटोक्रॉस. बंद मैदान, मातीचा ट्रॅक, एका वेळी मोजक्या गाड्या, झुंज घड्याळाशी. हेल्मेट सक्तीचं, पट्टे सक्तीचे, रुग्णवाहिका हजर. हलकी गाडी, चांगले टायर आणि थंड डोकं असलेला पोरगा इथे दुप्पट ताकदीच्या गाडीला हरवू शकतो. त्यापुढे रॅली. तिथे स्पर्धेचं लायसन्स, नियमानुसार पिंजरा, आग विझवायचं साधन, सगळं लागतं, आणि गाडीही वेगळीच बांधावी लागते. बलेनोच्या इंजिनाचा विषय तिथे काढायचा.

आणि गाडी घ्यायलाच पैसे नसतील तर? इंजिनीअरिंगला असाल तर तुमच्या कॉलेजात 'बाजा'चा संघ आहे का बघा. २००७ पासून होणाऱ्या 'बाजा एसएई इंडिया' स्पर्धेत विद्यार्थी एका माणसाची ऑफ-रोड बग्गी स्वतः आखतात, बांधतात आणि पळवतात. तिथे पेट्रोल गटात वर्षानुवर्षं सगळ्या संघांना सारखंच, १० अश्वशक्तीचं इंजिन असायचं. इंजिन सगळ्यांचं एक, तर मग जिंकायचं कशावर? वजनावर, सस्पेन्शनवर, ब्रेकवर, आणि शेवटपर्यंत न मोडणाऱ्या वेल्डिंगवर. या लेखात आपण एवढा वेळ जे बोललो, तेच तिथली पोरं रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये जागून शिकतात. ते हात तयार झाले की जुन्या जिप्सीखाली झोपल्यावर काय बघायचं, ते कुणी सांगावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडून "किती बीएचपी काढते?" असं विचारलं, तर त्याला आधी दोन प्रश्न विचारा. वजन किती? आणि ब्रेक कधी बदललेस? उत्तर पटकन आलं, तर त्याच्या शेजारी बसायला हरकत नाही. नाही आलं, तर बसनं जा. उशीर झाला तरी चालेल.